शेगडीची हरकत

अण्णा, आज दुपारी तुमचा नातू कमिटीतून घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच. धारच्या म्युनिसिपालिटीत तो आता चिटणीस आहे, तुम्ही देवासला होतात तसाच, आणि त्याचेही केस पिकायला लागले आहेत. दरबाराकडून गुरांच्या गोठ्यांबद्दल नव्या कायद्याचा मसुदा आला आहे म्हणे, आणि त्यावर शहराचं मत उद्या पाठवायचं आहे. जेवताना म्हणाला, "मान्य आहे असं लिहून टाकतो आई, कौन झंझट करे." मी त्याला विचारलं, एक दिवस तो कायदा जगून पाहिलास का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात. तो पुन्हा कचेरीत गेला आणि मी दौत पुढे ओढली.

देवासला राजे दोन, कचेऱ्या दोन, कायदे दोन आणि गाव एकच, हे इथे धारमध्ये मी लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांना सांगून सांगून थकले होते. थोरली पाती, धाकटी पाती. आपल्या दारापुढचा रस्ता ही हद्द. अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा, आणि पलीकडे आपली मावशी राहायची, म्हणजे वाटी घेऊन साखर मागायला जायचं तरी परराज्यात जावं लागे. तुमचं काम आपल्या बाजूच्या कमिटीचं. पण पूजा आटोपली की तुम्ही दोन्ही कचेऱ्यांची फेरी करत होतात. दारावर नवा मसुदा डकवला आहे का ते पाहायचं, असेल तर उभ्या उभ्या दोनदा वाचायचा आणि घरी येऊन जेवताना मुखोद्गत म्हणायचा. आई म्हणायची, लोकांचे नवरे येताना भाजी आणतात, आमचे कलमं आणतात. पलीकडच्या मसुद्याशी तुमचा काय संबंध, असं कमिटीचे अध्यक्षही विचारायचे. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं, की तिकडच्या गटाराचं पाणी इकडे यायला परवानगी मागत नाही.

आणि तुमची ती दुसरी रीत, जिची सगळं गाव थट्टा करायचं. मसुदा आला की त्यावर मत लिहिण्याआधी तो कायदा एक दिवस आपल्या घरात लागू करायचा. रस्त्यावर जळण रचू नये असा मसुदा आला तेव्हा, मला आठवतं आहे, आपलं सगळं सरपण तुम्ही माजघरात आणून ठेवलंत आणि विंचू निघाला. मी लहान असताना मला यात गंमत वाटायची. लग्नानंतर, इतर घरं पाहिल्यावर, कळलं की असा माणूस क्वचितच असतो. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नाही, तेव्हाच्या मुली वडिलांशी असं बोलत नसत.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ते वैशाखात. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कुंभारवाड्यात आग लागून गवती छपरं एकामागून एक जळाली होती, एक म्हातारी गेली होती. म्हणून आपल्या दरबाराने मसुदा काढला, की उन्हाळ्याच्या महिन्यांत दिवस वर आल्यापासून दिवेलागणीपर्यंत शहरात कुणी चूल, शेगडी, भट्टी पेटवू नये. पेटवील त्याला दंड. हेतू चांगला होता, हे तुम्ही सर्वांना सांगत होतात. लूचा गरम वारा सुटला की एक ठिणगी गल्ली खाते, हे तुम्ही स्वतः पाहिलं होतं. आपल्या कोपऱ्यावर चणे भाजणारी भडभुंजी दारात येऊन विचारून गेली, "चिटणीस साब, म्हारी भट्टी को कंई होयगो?" तुम्ही तिला म्हणालात, अजून कायदा झालेला नाही बाई, पंधरा दिवस हरकतीची मुदत आहे, पाहतो. आणि आत येऊन आईला सांगितलंत, उद्या हा कायदा आपल्या घरी.

घरात मी ओली बाळंतीण आणि बाळाची सटवाई नुकतीच पुजून झालेली. तरी दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून आईनं स्वयंपाक उरकला, माझं न्हाणं, बाळाचं न्हाणं, धुरी, शेक, सगळं सूर्य उगवायच्या आत. तुम्ही ओसरीवर बसला होतात आणि मला वाटतं मनातून खूश होतात, की जमतं आहे. मी आतल्या खोलीत बाजेवर पडले आहे, दाराला पडदा आहे, आणि पडद्याच्या फटीतून ओसरी आणि रस्त्याचा तुकडा दिसतो आहे. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. दुपार झाली आणि बाळानं पाय पोटाशी घेऊन रडायला सुरुवात केली. ते रडणं थांबेना. मलाही हुडहुडी भरली, त्या उन्हाळ्यात, दोन गोधड्यांखाली. आईनं माझ्या कपाळाला हात लावला, बाळाचं पोट चाचपलं, ते फुगलेलं होतं. ओव्याचा शेक द्यायला हवा, माझ्या बाजेखाली शेगडी हवी, असं ती तुम्हाला सांगायला गेली. तुम्ही म्हणालात, दिवस पुरा होऊ दे, संध्याकाळ काही लांब नाही.

तेव्हा मला तुमचा राग आला होता, अण्णा. आज मला तुमचं कौतुक आहे, पण त्या दुपारी बाळ निळंसर दिसत होतं आणि मला तुमचा राग आला होता.

आई म्हणाली, बरं. तिनं खापरी उचलली, पदर डोक्यावर घेतला आणि रस्ता ओलांडून मावशीकडे गेली. तिथे तर असा कायदाच नव्हता, तिथे चूल पेटलेली होती. तिनं तुमचा नियम मोडला नाही, फक्त परराज्यातून विस्तव आणला. उघड्या खापरीत निखारे घेऊन ती परत निघाली आणि रस्त्याच्या मध्यावर लूचा लोट आला. ठिणग्या उडाल्या. आपल्या शेजारच्या कासाराच्या दुकानापुढे गवताचा आडोसा होता, त्याला एक लागली. तुम्ही ओसरीवरून उठलात ते मला दिसलं, रांजणाशेजारची भरली घागर उचलून अनवाणी धावलात ते दिसलं. आडोसा पेटला तसाच विझला. आईच्या खापरीतले निखारेही त्या पाण्यात गेले. आत बाळ रडतच होतं.

मग आई ओसरीवर आली. ती म्हणाली, "कायदा तुमचा, बाळंतीण माझी. मी घरात शेगडी पेटवते आहे."

तुम्हाला सहज म्हणता आलं असतं, की अगं, हा तर नुसता सराव आहे, पेटव. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "पेटव. पण हे मी लिहिणार."

शेगडी पेटली, ओव्याची पुरचुंडी गरम झाली, बाळाचा वारा सरला आणि ते झोपलं. मलाही घाम येऊन ताप उतरला. तुम्ही तिथे ओसरीवर मांडी घालून हरकत लिहीत होतात. लिहून झाल्यावर पडद्याशी येऊन उभे राहिलात आणि आईला म्हणालात, तुझ्या कृत्याबद्दल आहे, तुला ऐकवल्याशिवाय पाठवणार नाही. मग तुम्ही वाचलंत. या कायद्याचा भंग पहिल्याच दिवशी चिटणिसाच्या घरी झाला. भंग करणारी चिटणिसाची पत्नी. कारण घरात बाळंतीण व अर्भक. घरातली शेगडी बंद केल्यास लोक पलीकडून उघडा विस्तव आणतील, आणि तो चुलीपेक्षा घातक आहे, हे चिटणिसाने डोळ्यांनी पाहिले. शेवटी होतं, घडल्या अपराधाबद्दल दरबाराने क्षमा करावी.

आई बाळाच्या कुशीशी पुरचुंडी धरून बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "अपराध कुठला? ती ओळ काढा."

मला वाटलं तुम्ही रागावाल. दरबाराला लिहायचा मजकूर, आणि तोही एका चिटणिसानं, क्षमा मागितल्याशिवाय? अध्यक्षांनी तर आधीच बजावलं होतं, की दरबाराच्या मसुद्यावर मान्य लिहायचं असतं, नोकरी प्यारी असेल तर. तुम्ही पडद्याबाहेरच पुन्हा बसलात, आणि बोरूचा आवाज आला. ती ओळ तुम्ही काढलीत. अध्यक्षांनी सही करायचं नाकारलं तेव्हा तुम्ही ती हरकत स्वतःच्या नावानं पाठवलीत. पलीकडच्या चिटणिसांशी थेट पत्रव्यवहाराची रीत नव्हती, म्हणून तुम्ही टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलात आणि तेही नेमके त्याच वेळी दर्शनाला आले. पायऱ्या चढताना दोघांचं काय बोलणं झालं, ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

पुढचे दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. नोकरी गेली तर आपण सगळे खातो काय, हे सासरच्या तोऱ्यात वावरणाऱ्या मलाही कळत होतं. मग एका सकाळी तुम्ही फेरीहून परतलात ते भराभर चालत, आणि चप्पल न काढताच माजघराच्या दारापर्यंत आलात. आपल्या कचेरीच्या दारावर सुधारलेला कायदा लागला होता. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्या घरी शेगडीला मोकळीक, पाण्याची घागर शेजारी ठेवून. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, छपराखालच्या भट्ट्यांना मोकळीक. उघडा विस्तव रस्त्यानं नेण्यास दोन्हीकडे बंदी. आणि पलीकडच्या कचेरीच्या दारावरही जवळजवळ तेच शब्द. आई म्हणाली, चप्पल काढा आधी. तुम्ही हसलात, मी तुम्हाला असं हसताना फार कमी पाहिलं आहे.

आता संध्याकाळ झाली आहे, सून दिवा घेऊन दोनदा येऊन गेली. ज्याच्यासाठी ती शेगडी पेटली तो अजून कचेरीतून आला नाही. त्याला मी ही गोष्ट सांगेन, पण तो ऐकेल का, आणि उद्याच्या जवाबात काय लिहील, ते मला ठाऊक नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर आहे तरी कुठे. एक मात्र कबूल करते, अण्णा. हे सगळं तुमचं कौतुक म्हणून लिहायला घेतलं आणि ते खरंच आहे, पण मुळात हे पत्र मला आईला लिहायचं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणून तुमच्या नावानं लिहिलं. जमलं तर तिला वाचून दाखवा, आणि ती म्हणेल ती ओळ काढून टाका.