बाटवलं कुणी

प्रिय धम्मरत्न भाऊजी,

फोन करणार होते. पण तुमचं 'बोला वहिनी' ऐकलं की मी रडत बसेन आणि सांगायचं तेच राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. दिग्विजयला विचारलेलं नाही. तो आत झोपलाय. हल्ली दुपारचाही झोपतो.

सांगवीच्या आमच्या गॅलरीत आता नुसते कपडे वाळतात. तुमची मोठी पातेली, पांढरा ड्रम, रबरी नळ्या, सगळं माळ्यावर आहे. तुमच्या आईंनी बजावलं होतं, पंचशील घेतलेल्या घरात दारूचं भांडं येणार नाही. त्यामुळे तुमचा सगळा बिअरचा कारखाना माझ्या ओट्यावर आला. निघोज्याच्या कंपनीत शिफ्ट सुटली की तुम्ही आणि दिग्विजय थेट इकडे यायचात, आणि मोड आलेल्या जवाचं ते माल्ट शिजत असताना मला पिठलं टाकायला लावायचात. घरभर गोडसर, भाजल्यासारखा वास भरायचा. मी कुरकुर करायचे, पण मला ते दिवस आवडायचे. दिग्विजयच्या नाकाचं तुम्हालाच जास्त कौतुक होतं. पेंट शॉपमध्ये थिनरचा डबा कुठे उघडा राहिलाय हे तो दारातूनच सांगतो, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. ड्रम, नळी, तोटी धुऊन झाली की तो एकेक वस्तू नाकाशी धरायचा. वास नाही म्हणजे साफ. धुण्याचं काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

मग बिअर बिघडायला लागली. आधी लोण्यासारखा वास आला. तुम्ही म्हणालात घाईने बाटल्या भरल्या, यीस्टला आणखी थोडे दिवस द्यायला हवे होते. दिले. पुढच्या खेपेला औषधाच्या पट्टीसारखा वास. तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा निघाला, म्हणून पाणी गाळून, उकळून घेतलंत. त्यानंतर मात्र सरळ आंबट. बाटल्यांच्या गळ्याशी पांढुरकं कडं धरलेलं. तुम्ही माल्टचा उकळलेला रस यीस्ट न घालता एका उकळलेल्या बरणीत बंद करून ठेवलात. तो दिवसेंदिवस तसाच नितळ राहिला. म्हणजे शिजवण्यात चूक नव्हती, घाण नंतर शिरत होती. नळी बदलली, ड्रम नवा आणला. गंमत म्हणजे या सगळ्या काळात दिग्विजय एकच म्हणत होता, "कुठे काय वास येतोय? तुम्हा लोकांना भास होतायत." आपल्याला वाटलं, हट्टीपणा करतोय.

आणि मग तो रविवार. चाकणला हॉटेल चालवणारे दादासाहेब चव घ्यायला आले होते. परवाना काढून छोटी ब्रुअरी टाकायची, ती तुम्ही दोघांनी सांभाळायची, कंपनी सोडायची, इतकं सगळं त्या एका ग्लासावर होतं. त्यांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तुम्ही तोंडात घेतलंत आणि म्हणालात, "दादासाहेब, पिऊ नका. खराब झालीये. दिग्या, वास तरी घे." त्याने वास घेतला. खरंच घेतला, मी बघत होते. म्हणाला, "झकास आहे." तुम्ही म्हणालात, "भावा, तोटी खोलून बघू, आत काहीतरी साचलंय." आणि त्याचा चेहरा बदलला. पाहुण्यासमोर तो म्हणाला, "तोटी मी धुतो. तुझे हात लागले तिथेच सगळं बाटलं."

'बिघडलं' म्हणता आलं असतं. 'नासलं' म्हणता आलं असतं. त्याला तोच शब्द सापडला.

तुम्ही हातातला ग्लास सिंकमध्ये विसळलात, ओट्यावर पालथा घातलात आणि निघालात. मी त्याला ओरडून म्हटलं, जा, आण त्याला परत. तो खुर्चीतून उठला नाही. मी धावत दारापर्यंत आले तर तुम्ही चप्पल अडकवत मला म्हणालात, "पिठलं छान झालं होतं वहिनी." त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, त्याने कंपनीतही कुणाला कळू दिलेलं नाही. दिवाळीनंतर त्याचं अक्षर बारीक व्हायला लागलं. चालताना उजवा हात हलेना, नुसता लोंबत राहायचा. एकदा दूध उतू जाऊन, जळून धूर झाला तरी तो शेजारीच पेपर वाचत बसला होता. डॉक्टरांनी बाकीचं तपासलं आणि शेवटी विचारलं, वास येतो ना? हा म्हणाला, माझं नाक तर कंपनीत प्रसिद्ध आहे. त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि कॉफीची बाटली उघडून नाकाशी धरली. मी टेबलाच्या या बाजूला होते, मला घमघमाट येत होता. तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "आणलं नाहीत का अजून?"

पार्किन्सन आहे. हातपाय धरायच्या कितीतरी आधी नाक जातं, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू जात असल्यामुळे माणसाला कळतही नाही.

घरी आल्यावर मी ड्रम खाली काढला. तोटी गरम पाण्यात धरून तिचे दोन भाग वेगळे केले. आत तपकिरी, बुळबुळीत थर होता आणि शिरक्यासारखा आंबट भपकारा. इतके दिवस तो वरवर धुवायचा, नाकाशी धरायचा, वास नाही म्हणून साफ समजायचा आणि तीच तोटी नव्या ड्रमला लावायचा. मी ती त्याच्या हातात दिली. त्याने थर बोटाने पुसून पाहिला. म्हणाला, "धम्मा बरोबर होता." मी म्हटलं, तुझं नाक गेलं होतं, तुला कळणार कसं? तर म्हणाला, "बिअर नाकामुळे नासली वर्षाली. तो शब्द नाकामुळे नाही आला." दोनदा तो तुमच्या सोसायटीच्या खाली जाऊन गाडीतच बसून परत आलाय. आता गाडी चालवणंही बंद झालं.

यातलं काहीच मी तुम्हाला कळवणार नव्हते. आजार सांगितला की माणसाला माफ करावंच लागतं, आणि तुमच्यावर तसं ओझं टाकायचा मला हक्क नाही. पण परवा कासारवाडीला तुमची अंजली भेटली. तिने सहज बोलता बोलता सांगितलं की तुम्ही हल्ली कंपनीत स्वतःचा ग्लास घेऊन जाता. कुणाच्या घरी गेलात तर पाणी मागत नाही. तिच्या मैत्रिणीच्या, नेहाच्या वास्तुशांतीला सगळे स्वयंपाकघरात वाढायला घुसले आणि तुम्ही उंबऱ्याशी उभं राहून विचारलंत, "हात लावू का?" अंजली म्हणाली, का असं करतात कळत नाही. तुम्ही तिला सांगितलेलंच नाही. मला मात्र लगेच कळलं, भाऊजी. म्हणून हे पत्र. माफी त्याची त्याने मागायची आहे, ती द्यायची की नाही हे तुमचं. मला एवढंच सांगायचंय की घाण तोटीत होती आणि तोटी त्याच्या हातची होती. आणि तुमच्या हातून एखादी खेप खरंच नासली असती, तरी तो शब्द तुम्हाला लागू होत नव्हता. पुढच्या वेळी कुणाच्याही घरी तहान लागली तर विचारू नका. उठा, आत जा, आणि आपल्या हाताने माठातलं पाणी घ्या.

तुमचीच वहिनी,
वर्षाली