सव्वीस जानेवारीचा इंग्रज राजा

४ डिसेंबर १९९४, रविवार
सकाळी ब्रेडला लोणी लावताना डॉली आठवली. कॉन्व्हेंटच्या डॉर्मिटरीत खिडकीत बसून आम्ही दोघी एकच स्लाइस खायचो. कडेचा कडक भाग ती काढून मला द्यायची, आणि मी तिचे संवाद पाठ करून घ्यायचे. शाळेच्या नाटकात ती राजा होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं नाटक, मूठभर माणसं घेऊन फ्रान्स जिंकणाऱ्या लढवय्या इंग्रज राजाचं. मी भालाईत नंबर तीन. राजाचे संवाद मलाही पाठ होते. डॉलीला तेव्हा गोवर आला असता तर मीच राजा झाले असते. आला नाही. चाळीस वर्षं झाली. मनात काही नाही.

ठरवलं: ते नाटक इथे निमगावात करायचं. मराठी मीच करणार, बसवणारही मीच. तरुण मंडळाचा कार्यक्रम २६ जानेवारीला आहे, तेव्हाच. डॉलीला पुण्याला पत्र टाकलं.

नाटकात लढाई आहे, पण मी ती कवितेसारखी बसवणार. मला मारामारी बघवत नाही. घरी कोंबडी कापतात तेव्हा मी देवघरात जाऊन बसते.

हे म्हणाले, सव्वीस जानेवारीला इंग्रज जिंकणार का? यांना नाटकातलं काही कळत नाही.

११ डिसेंबर
पात्रं ठरली. राजा: सूरज, माझ्या धाकट्या जाऊबाई मुक्ताबाई, त्यांचा मुलगा. बारामतीला कॉलेजात आहे. उच्चार स्वच्छ. छाती नाही, पण झग्यात कोण बघतं. फ्रेंच युवराज: निरवांगीच्या तालमीतला बिरू पैलवान. मान आणि डोकं एकाच रुंदीचं, स्वभाव अगदी गरीब. फ्रेंच राजकन्या: आमची नात श्रेया.

इंग्रज सैन्य पाच जणांचं, फ्रेंच पंचवीस. फ्रेंचांना समजावलं की तुम्ही जास्त असूनही हरायचं आहे. सगळे बिरूकडे बघायला लागले. शिस्त लागते आहे.

१५ डिसेंबर
तलवारी म्हणून उसाची टिपरी दिली होती. स्वस्त, हलकी, लागत नाहीत. कल्पना माझीच. लढाई सुरू व्हायच्या आत फ्रेंच सैन्यानं शस्त्रं खाल्ली. मग इंग्रजांनीही.
ठरवलं: वेळूच्या काठ्या. वर चंदेरी कागद.

१९ डिसेंबर
काठ्यांची पहिली तालीम. एका फ्रेंचाचं नाक फुटलं, एका इंग्रजाचा दात गेला. हळद दाबली. सगळ्यांना बजावलं की हळू मारा, आपण सुसंस्कृत माणसं आहोत.
नाक फुटलं तेव्हा मागे उतरतं ऊन होतं. फार सुंदर दिसलं.

२४ डिसेंबर
डॉली येते आहे! शाळेतला तिचा पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट तिनं अजून जपून ठेवलाय. ज्याला शोभेल त्याच्या डोक्यावर स्वतः ठेवीन म्हणून लिहिते. तिचा रोख कोणाकडे आहे ते मला कळतं. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त यांना सांगितलं. आणि मुक्ताबाईंना.

२ जानेवारी १९९५
लढाई मिळमिळीत. नाक फुटल्यापासून सगळे एकमेकांना काठी लावतात आणि सॉरी म्हणतात. शाळेची कवायत बरी.
वार कसा करायचा ते सूरजला दाखवताना त्याच्या कोपराला लागलं. माझ्याकडून. हलकंच. कोपर टोमॅटोएवढं सुजलं, पण त्याची त्वचाच नाजूक आहे.

८ जानेवारी
उपाय सापडला. हलगी!
कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवणारे जोतीराम, त्यांना बोलावलं. काय सांगू. हलगी कडाडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही आलं. सहा काठ्या मोडल्या, तीन डोकी फुटली, एक फ्रेंच विहिरीपर्यंत पळत गेला आणि त्याच्या मागे दोन इंग्रज. मला रडू आलं, इतकं जिवंत होतं.
जोतीरामना सांगितलं की मी शिट्टी वाजवली की थांबायचं. ते म्हणाले, कुस्ती निकाली झाल्याबिगर आपली हलगी थांबत न्हाय, लोक जोड्यानं मारतील. विनोदी आहेत.
नंतर बिरू ओट्याशी येऊन उभा राहिला. बराच वेळ टोपी चुरगाळत होता. म्हणाला, "काकी, हलगी वाजाय लागली की मला पडता येत न्हाय."
मी त्याला लाडू दिला. नटानं स्वतःला विसरायचं असतं, हे समजावलं.
"मी इसरतो की. पर पाय इसरत न्हायती."
लाजाळू आहे. होईल तयार.

१७ जानेवारी
रंगीत तालीम. बिरू पडला, पण हलगी बंद ठेवली तेव्हाच. सूरजच्या बरगडीला लागलं. मुक्ताबाई भरल्या अंगणात म्हणाल्या, "जाऊबाई, लेकरू नाटकाला दिलंय, मारायला न्हाय." मी शांतपणे सांगितलं की या लढाईत राजाला काहीही झालेलं नाही, ते इतिहासात आहे. त्या म्हणाल्या, इतिहासाला लिहून द्यायला सांगा.
मी वाद घालत नाही. माझ्यावर संस्कार आहेत.

२५ जानेवारी
डॉली आली. केस पांढरे, गुडघे गेलेले, हसणं तेच. चहाबरोबर ब्रेड दिला. बोलता बोलता तिनं कडक भाग काढला आणि माझ्या बशीत ठेवला. मी तो लगेच खाल्ला.
मुकुट टोपीच्या गोल डब्यात आहे. मी विषय काढला नाही. आरशासमोर मान किती वाकवायची ते बघून ठेवलं.

२६ जानेवारी, दुपारी
सगळं काबूत.

२८ जानेवारी, बारामती, दवाखाना
डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नयेत.
पहिले दोन अंक उत्तम. तिसऱ्यात राजा लढाईआधी सैनिकांशी बोलतो ते माझं सर्वात आवडतं भाषण. सूरज बोलायला लागला आणि मागून कोणीतरी म्हणालं, ह्यो इंग्रज लई बोलतोय, धरा त्येला. मैदान हसलं. सकाळी झेंड्याला सलाम केलेली माणसं ती. सगळी फ्रान्सच्या बाजूची.
मग हलगी. बिरू ठरल्याप्रमाणे गुडघ्यावर आला. हलगी थांबली नाही. लोक ओरडले, ऊठ बिरू. मी शिट्टी फुंकत होते, मलाच ऐकू येत नव्हती. त्यानं विंगेत माझ्याकडे बघून हात जोडले. खरंच जोडले. मग इंग्लंडच्या राजाला डोक्यावर उचललं आणि फळ्यांवर आपटलं.
सूरजचं गळ्याचं हाड मोडलं. हलगी थांबली.
लोक फेटा आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले. उरलेल्या चार इंग्रजांना फ्रेंचांनी बायकांच्या बाजूपर्यंत बडवत नेलं. एकाचा कान फाटला. श्रेया राजकन्येच्या वेशात खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती.
इतिहास दुरुस्त करणं भाग होतं. सूरजच्या अंगावरचा झगा मी चढवला, काठी घेतली, गेले. चाळीस वर्षं संवाद पाठ होते. एकही आठवला नाही. बिरूला म्हटलं, पड मेल्या. तो म्हणाला, "तुमच्या म्होरं पडतो की, काकी," आणि पाया पडायला वाकला. काठी आधीच निघाली होती. मी फक्त स्पर्श केला. टाके चार पडले.
हलगी पुन्हा सुरू झालेली. झग्यात माझा पाय अडकला. माझी पाठ फळीला लागली तेव्हा जोतीरामनी हलगी थांबवली.
मग डॉली डबा घेऊन पायऱ्या चढली. त्या गुडघ्यांनी. मी पडल्या पडल्या मान थोडी वर केली. ती मला वळसा घालून गेली आणि बिरूच्या रक्ताळलेल्या डोक्यावर मुकुट ठेवला. मला म्हणाली, "रोहिणी, असा राजा आपल्या स्कूलमध्ये कधीच नव्हता. मी पण नाही."
टाळ्या थांबेनात. काही तरी माझ्यासाठीही असतील.

३० जानेवारी
उद्या माझ्या मोडलेल्या उजव्या मनगटात तार घालणार. भूल देणार आहेत. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण माझं वय बघता लिहून ठेवलेलं बरं.
झगा श्रेयाला. तो माझ्या शालूचा आहे, काटछाट करू नये. न मोडलेल्या काठ्या यांना, दोडक्याच्या मांडवाला. शिट्टी जोतीरामना, उपयोग नाही तरी. माझी कापसाची मऊ गादी सूरजला, आणि नाटकाची मराठी प्रत मुक्ताबाईंना, चुलीत घालायची असेल तर माझ्यादेखत नको.
बिरूला लाडवांचा डबा भरून. टाके काढायला गाडीनं न्यावं. मुकुट त्यानं तालमीत मारुतीपाशी ठेवलाय म्हणे. परत मागू नये.
डॉली पुढच्या सोमवारपर्यंत आहे. तिला रोज दोन स्लाइस, लोणी भरपूर. कडक भाग तिला कधीच आवडत नव्हता, तिनं काल सहज सांगितलं. तो काढून मला ठेवावा.