अर्धा कोयता

नांदूरघाट,
१६ डिसेंबर २०१८

मनकर्णामावशी, नमस्कार.

तुम्ही माझा फोन कट करता, म्हणून हे पत्र पंडित ड्रायव्हरच्या हाती ऊसतोडीच्या टोळीवर पाठवतेय. सिदू, तुझ्या मावशीला सगळं वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

इकडं ठीक आहे. टँकर चार दिवसांनी येतो. सरस्वतीबाईंना एका घागरीत पुसून काढते आणि तुमच्यासारखंच ते पाणी कण्हेरीला घालते. त्यांचा लेक-सून पण उसालाच, म्हणजे घरात त्या आणि खाट. सकाळ-संध्याकाळ मी जाते.

आपली संस्था आहे अजून. बोर्ड आहे, चौदा अ‍ॅप्रन आहेत. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांचं कसं करायचं, ते चौदा बायकांना मी महिनाभर शिकवलं, आणि दसरा होताच अकरा जणी नवऱ्याबरोबर उसाला गेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा नवरा गेला तर मुकादम त्याला अर्धा कोयता धरतो, हे मला कुठं माहीत होतं? माहीत झाल्यावर वाटलं, तुम्ही तिघी विधवा तरी राहाल.

आता ते मीटिंगचं लिहिते.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस मागितले. मी म्हटलं, बदली माणूस नाही. तुम्ही म्हणालात, "मग मी बी जाते उसाला." आणि मी सगळ्यांसमोर हसून बोलले, "मावशी, तुम्हाला नवरा नाही, तुमचा कोयताच नाही. तुम्ही कुठं जाणार?"

छबुबाई फिदीफिदी हसली. तुम्ही अ‍ॅप्रनची घडी करून टेबलावर ठेवली. आठवड्यानं कळलं, सिदू भाच्याबरोबर तुमचा कोयता झाला.

ते तोंडातून चुकून गेलं असं मी सगळ्यांना सांगते. चुकून नव्हतं. संस्थेच्या अनुदानाच्या अर्जात मीच लिहिलं होतं, एकट्या बायका घ्याव्यात, त्यांना दुसरीकडं जाता येत नाही, म्हणून त्या टिकतात. इंग्रजीत ते फार छान वाटत होतं. साहेबांनी कौतुक केलं.

सरस्वतीबाईंना मीटिंगचं कुणीतरी सांगितलंय. परवा कूस बदलताना म्हणाल्या, "मनकर्णा आदी चुलीवर हात शेकायची, मंग आंगाला लावायची. तुजे हात लई गार गं." मी म्हटलं, येतील मावशी परत. तर म्हणतात, "कशापायी यील? आन् माजं तरी काय? मी कुटं जानार, म्हनूनच तू येतीस न्हवं?"

मी चादर सारखी करून निघाले.

काल हात शेकून गेले. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "आत्ता जमलं बग." मग एक डोळा उघडून, "एवडं शिकलीस, म्हंजी निगालीस. तुला बी कोयता घावला का?"

घावलाय, मावशी. पुण्याच्या एका हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र आलंय. एक तारखेला हजर व्हायचं. त्यांना सांगितलं नाही, तरी कसं कळलं देव जाणे.

खरं म्हणजे हे पत्र तुम्हाला परत बोलवायलाच लिहायला घेतलं. माफी मागायची, तुम्ही यायचं, आणि मी शनिवारची गाडी पकडायची. दोन कागद तसेच लिहून फाडले.

येऊ नका. तुम्ही आलात की मी जाईन, मला माझं माहितीय. नाही आलात तरी थांबेन, असं लिहायला हात धजत नाही.

लेकीचं बाळंतपण तिथंच फडावर, पाचटाच्या कोपीत झालं, असं पंडित म्हणाला. काय झालं, ते मी त्याला विचारलंसुद्धा नाही.

जिला कुठंही जाता येतं ती,
केतकी