ओटीतलं घुबड

शनि. १५ नोव्हेंबर
होणाऱ्या जावयाची, निकोसची आई, एलेनीबाई, अथेन्सहून दुबईला आल्या. साखरपुडा पुढच्या शनिवारी, इथेच डिस्कव्हरी गार्डन्सला, आमच्या घरी, सोफा बाल्कनीत ढकलून. माझ्या मुक्ताची ओटी त्या भरणार, म्हणून आज तालीम. थोडे तांदूळ सांडले तरी चालतात, हे समजावताना मला घाम फुटला. नाणं कुठलं, हे त्यांनी अथेन्सहूनच फोनवर विचारलं होतं. तुमच्याकडचं कुठलंही, म्हटलं होतं.

मंगळ. १८
उम्म अल कुवैनहून ताई, माझ्या नणंदबाई, आल्या. आल्या आल्या ओटीच्या ताटातलं एलेनीबाईंचं युरोचं नाणं उचलून उलटं केलं. एका बाजूला नकाशा आणि एकचा आकडा. दुसऱ्या बाजूला घुबड, टक्क बघणारं.
"ओटीत घुबड? बदल हे, नाहीतर मी येत नाही. खलास."
ह्यांना ताईंनीच वाढवलंय. त्या नाहीत तर हे पाटावर बसायचे नाहीत, आणि साखरपुडा राहिलाच. हे रात्री जेवलेही नाहीत.

बुध. १९
मुक्ता भडकली. "आई, इट्स जस्ट देअर कॉइन!" मग शांत होऊन समजावलं: नकाशाची बाजू सगळ्या देशांची सारखी, मागची ज्याची त्याची. चालतं मात्र सगळीकडे. मग दुसऱ्या देशाचं घालू दे की, बिनघुबडाचं, म्हटलं.
खरं लिहायचं तर ताई अडल्या तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. पोरगी लांब जाणार, ते टळायला निमित्त. लाज वाटते लिहिताना.

गुरु. २०
नाणं बदला, हे एलेनीबाईंना सांगायला गेले. मुक्ता दुभाषी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कौतुकाने पर्स ओतली. गरुड, वीणा, कुठल्याशा राजाचं तोंड. त्यांच्याकडे टूरिस्ट इतके, की सुट्ट्या पैशांत सगळी बाहेरच्या देशांचीच नाणी येतात.
"या घुबडासाठी अथेन्सला बेकरीत तीन दिवस सुट्टे मागत होते," म्हणाल्या. "घरच्या मुलीला दुसऱ्याचं कसं देऊ?"
मी कॉफी पिऊन परत आले. नाणं बदला म्हणायचं तसंच राहिलं.
घरी येऊन ताईंना फोन. सगळं सांगितलं, अगदी बेकरीसकट. शेवटी विचारलं, लक्ष्मीचं वाहन कुठलं हो ताई, घुबडच ना?
ताईंनी उलट विचारलं: "तांदूळ कुठले आणलेस? मागच्या वेळचे तुटके होते."
जीव भांड्यात पडला. हे दोनदा भात घेऊन जेवले.

शनि. २२
झालं एकदाचं. निम्मे तांदूळ गालिच्यावर. घुबड पडलं ओटीत, शेजारी माझा एक दिरहम, त्यावरची ती कॉफीची किटली. मुक्ता रडली, मी रडले, एलेनीबाई का रडल्या कोण जाणे. ताई सगळ्यांना पेढे खा म्हणून दटावत होत्या. किती हलकं वाटतंय.

सोम. २४
परवा ते नाणं देव्हाऱ्यात ठेवलं होतं, नकाशा वर करून. ताईंना दिसायला नको म्हणून, असं स्वतःला सांगून. ताई काल पूजा करून गेल्या. आज सकाळी दिवा लावायला गेले तर घुबड वर. कपाळाला कुंकू, ताई लावतात तसं, ठसठशीत.
तसंच राहू दिलं.
लग्न अथेन्सला की पुण्याला, अजून ठरत नाहीये. ताईंचा पासपोर्ट कधी संपतो, विचारून ठेवायला हवं.