पात संपली की थांबणारं गाणं

सॉरवुड खोरं, केंटकी
१२ मे

चि. नात केझाया हिस मॅमॉ झेलाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

नॉक्सव्हिलहून सुखरूप पोचले. बस वेळेवर होती, शेजारच्या बाईचं तोंड मात्र बंद म्हणून नव्हतं, आणि मला बडबड्या माणसांचा किती कंटाळा ते तुला ठाऊकच आहे. हसू नकोस.

काय गं तो तुमचा स्टुडिओ! पॉपॉ आजोबांच्या बँजोची वायर तू त्या डब्यात खुपसलीस आणि त्यातून डोंगर फोडल्यासारखा आवाज आला, तेव्हा मी येशूचंच नाव घेतलं. म्हातारा असता तर आधी ओरडला असता आणि मग अजून मोठ्यानं वाजव म्हणाला असता. तुमच्या बँडमधला तो ढोलवाला कॉल्टर गोड आहे. काळे कपडे, त्यांवर छापलेल्या कवट्या. मी त्याला विचारलं होतं की घरात कोण गेलं बाबा. तर म्हणाला, कोणी नाही मॅडम, हे आमचे रविवारचे कपडे. रोज एक भाकरी जास्त खा म्हणावं त्याला.

आणि माझं गाणं! कानाला ते टोपण लावलं, आत टिकटिक चालू, आणि मी एक टिक चुकवली नाही. मंडईतली पोरगी, टपालवाली, आपला कुत्रा, सगळ्यांना सांगून झालंय की झेलाबाई रेकॉर्डवर येणार. केझाया, माझी मावशी गेल्यापासून लॉरेलचं गाणं माझ्या एकटीच्या तोंडात उरलंय. खाणीत गेलेल्या नवऱ्याला दिवा घेऊन शोधायला निघालेली ती पोर माझ्याबरोबर मातीत जायची नाही, एवढ्यानंच मला झोप गोड लागते. रेकॉर्ड कधी येते ते कळव. शाळा सहावीत सुटली, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

तुझी,
मॅमॉ

नॉक्सव्हिल
१९ मे

ती. मॅमॉस केझायाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. तुझा आवाज छान लागलाय, ताल चोख आहे, आणि गाणं मेलंय. तूच सांगितलं होतंस ना, खोटं बोलायचं तर परक्याशी बोलावं.

लहानपणी तू हे गाताना मध्येच कुठेतरी थांबायचीस. माझाही श्वास थांबायचा. वाटायचं, लॉरेलचा दिवा विझला. मग तू पुढे जायचीस. तो थांबा यात नाहीच. मी या पोरांना महिनाभर त्याच्याबद्दल सांगत होते, पण नेमका कुठे येतो ते मलाही दाखवता येईना. कॉल्टर म्हणतो, आजींचा दोष नाही, आपणच त्यांच्या कानात घड्याळ बसवलं.

महिनाअखेर सगळी गाणी छापायला जातात. तोवर जमलं नाही तर लॉरेल वगळावी लागेल. मेलेली ठेवण्यापेक्षा ते बरं. रागावू नकोस.

तुझीच,
केझाया

सॉरवुड खोरं
२३ मे

चि. केझाया हिस अ. आ.

रागावले. खोटं कशाला बोलू, तू काही परकी नाहीस. कुत्र्यालाही बोलले. मग लांब दांड्याचं खुरपं उचललं आणि वरच्या उतारावर मका खुरपायला गेले. राग आला की माझं शेत स्वच्छ होतं.

पहिली पात खुरपता खुरपता लॉरेल आपसूक तोंडात आली. पात संपली, कंबर सरळ केली, वळले, खुरपं दुसऱ्या पातीत टाकलं. आणि अगं बाई, गाणं थांबलं होतं! माझ्याबरोबर उभं राहिलं, माझ्याबरोबर वळलं, मग पुढे निघालं. मी तिथेच मटकन बसले आणि हसत सुटले. आई याच उतारावर गायची आणि मी मागून खडे वेचत शिकले. तिची कंबर जिथे सरळ व्हायची तिथे लॉरेलही थांबायची. मला वाटायचं गाणंच तसं आहे.

तुमच्याकडे मी चर्चमधल्यासारखी ताठ उभी, आणि वर ती टिकटिक. पाहुणीनं समोर वाढलेलं मुकाट खावं, तशी मी तालाबरोबर गेले. नको तिथे सभ्यपणा केला!

आता ऐक. शनिवारी तुमचं यंत्र घेऊन सगळे या. खुरपी माझ्याकडे दोन आहेत, तिसरं शेजारून आणते. कॉल्टरला सांग, एक पात खुरपल्याशिवाय जेवण नाही. घेवडा शिजवते, सफरचंदाचा थरांचा केक करते. वगळायचं नाव काढशील तर केक कुत्र्याला.

मॅमॉ

नॉक्सव्हिल
३० मे

ती. मॅमॉस सा. न.

गेलं! छापायला गेलं! शनिवारी तू उतारावर गायलीस ते तसंच, पक्ष्यांसकट, खुरप्याच्या आवाजासकट. कॉल्टरनं कानातलं घड्याळ काढून टाकलं. तुझी कंबर सरळ झाली की काठ्या वर, तू वळलीस की खाली. गिटारी सगळ्या त्याच्यामागून. त्या थांब्यानंतर आम्ही सगळे एकदम कोसळतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच्या हाताला फोड आलेत आणि तो ते सगळ्यांना दाखवत फिरतोय, पदक मिळाल्यासारखा. ऑगस्टमध्ये मंचावर तू गायचंस. नाही म्हणू नकोस, तुझं खुरपं मी पळवून आणलंय.

केझाया

सॉरवुड खोरं
२० ऑगस्ट

चि. केझाया हिस मॅमॉचे आशीर्वाद, कॉल्टरलाही वाटून दे.

घरी पोचले, पण झोप कुठली! तू माझ्या पाठीमागे बँजोवर वाकून उभी होतीस, त्यामुळे मला काय दिसलं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

सगळं सभागृह काळ्या कपड्यांनी भरलेलं, एवढे लोक मी दफनालासुद्धा पाहिले नाहीत. खुरपं हातात धरून मी गायला लागले. पात संपायची जागा आली, कंबर सरळ केली, वळले. आणि ती सगळी दांडगी पोरं एकदम चूप. त्यांना ठाऊक होतं गं! रेकॉर्ड ऐकून पाठ झालं होतं. एवढं माणूस माझ्या आईच्या कंबरेसाठी थांबलेलं पाहिलं आणि मी बघतच राहिले. पुढची ओळ निघेना. कॉल्टर काठ्या वर धरून माझ्याकडे बघतोय, मोजत नाहीये, नुसता थांबलाय.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं, नाकात कडं, अर्धं डोकं भादरलेलं, ती ओळ उचलली. लॉरेल दिवा घेऊन आत गेली ती तिच्या तोंडून. मग मागून सगळ्यांच्या. मी त्यांच्या पाठोपाठ गेले.

आता मका कापणीला आलाय. यंदा उतारावर गाते तेव्हा एकटी आहे असं वाटत नाही. लोभ आहेच; तोही पातीच्या टोकाला जरा थांबावा, आणि वळून परत यावा.

तुझी,
मॅमॉ

ता. क. खुरपं परत पाठव.