दार नाव विचारत नाही

अंबड, नाशिक
१३ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. चांगुणा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. इकडे आम्ही खुशाल. तुझ्या विठावहिनीची कंबर धरलेली आहे, पण तोंड ठणठणीत आहे. तुझ्या बदलीचं काय झालं ते कळव.

काल टीव्हीवर आपल्या गोष्टीचा सहावा भाग पाहिला. शेजारच्या झुंबरकडे नेहमीप्रमाणे तीस-पस्तीस माणसं. मला लेखक म्हणून खुर्ची देतात, पण मी दाराशी उभाच राहतो. 'सात दारांचा डोंगर' अशी अक्षरं आली, खाली 'मूळ कथा : निवृत्ती पगारे', आणि टाळ्या पडल्या. विठानं तोंडाला पदर लावला. इथवर ठीक. मग आपली भागी टाक्याची खोली मोजायला बसली आणि तिच्या हातात नायलॉनचा दोर! चांगू, तू माझ्या तिन्ही पुस्तकांच्या पक्क्या प्रती लिहिल्यास, तुला सांगायला नको. पाचवं दार टाक्याची खोली विचारतं. भागी तीनदा चुकते, कारण सुती दोर भिजला की आखडतो आणि त्यावरच्या गाठी जवळ येतात. चौथ्या वेळी हे तिच्या लक्षात येतं, ती ओला दोर ओला असतानाच पुन्हा वितीनं मोजते, आणि दार उघडतं. नायलॉन कुठे आखडतो? म्हणजे बाई उगाचच तीनदा चुकणार. आमच्या कारखान्यात असा जॉब भंगारात जातो.

पण दोराचं मी सोडून देईन. खरं दुखणं पुढे आहे. अकराव्या भागाचा मजकूर टपालानं आलाय, सोबत संमतीचा कागद. त्यात भागी पाणक्याची पोर नाहीच म्हणे. ती राजाची हरवलेली मुलगी, तिच्या तळहातावर चंद्रकोरीची खूण. ती दारावर हात ठेवते, खूण उजळते, दार उघडतं. मोजणी नाही, काही नाही.

मी जादूचे नियम तीनच केले. दार मापाला उघडतं. माप स्वतः घ्यावं लागतं. आणि दार नाव विचारत नाही. चुकलं तर शाप नाही, शिक्षा नाही. दार नुसतं बंद राहतं आणि पुन्हा मोजू देतं. यातला तिसरा नियम काढला तर बाकी उरतं ते लाकूड आणि बिजागऱ्या.

कथेचा गाभा बदलायचा तर लेखकाची लेखी संमती लागेल, हे कलम करारात तूच भांडून घालून घेतलंस. माझी संमती नाही. मला रजा मिळत नाही, तेव्हा तू मालिकावाल्यांच्या कचेरीत जाऊन हे सांगून ये. आवाज चढवू नकोस. माझा निरोप जसाच्या तसा दे, म्हणजे आपोआप चढेल.

पुंजारामरावांना जयभीम सांग. लोभ आहेच, तो मोजत बसू नये.

तुझा,
निवृत्तीदादा


चेंबूर, मुंबई
१८ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
चांगुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नायलॉनच्या दोरावर अर्धं पान आणि माझ्या बदलीवर एक ओळ. बदली रद्द झाली. दोराइतकं महत्त्वाचं नाही, तरी कळवते. वहिनीला म्हणावं, कंबरेला शेक घ्या आणि दादाला काही दिवस तोंडानंच शेका.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले होते. निर्मातेसाहेब माणूस वाईट नाही. चहा दिला, तुझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं. मग म्हणाले की पाणक्याच्या पोरीला एकदम जादू कशी येते, असं प्रेक्षक विचारतील. मी म्हटलं, एकदम नाही आली, तीन पुस्तकं लागली. ते हसले. म्हणाले की बाई, पडद्यावर कारण लागतं, आणि रक्ताचं कारण सगळ्यांना पटकन कळतं.

मग त्यांच्या पटकथाकारानं तुझं पहिलं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. पान एकेचाळीस, ओळ नववी. भागी पहिल्यांदा टाक्यावर येते तिथे लिहिलंय, 'ती वाकली तशी पाण्यानं आपणहून मान वर केली.' त्यांचं म्हणणं असं, की अजून ती काहीच शिकलेली नाही, मग पाणी का हललं? म्हणजे तिच्यात जन्मापासून काहीतरी आहे, आणि हे लेखकानंच लिहून ठेवलंय. आम्ही फक्त ते उलगडून दाखवतोय. दादा, मी स्वतः वाचली. ओळ तिथे आहे.

आता माझ्या मनातलं सांगते, चिडू नकोस. सही करून टाक असं मला वाटतं. आमच्या शिक्षकखोलीत इतकी वर्षं माझ्या डब्याच्या बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या असायच्या. मालिका सुरू झाल्यापासून बाया खुर्च्या ओढून माझ्याजवळ बसतात, पुढे काय होतं ते विचारतात. लाखो लोक दर बुधवारी तुझं नाव वाचतात. तुझ्या एका नियमासाठी ते नाव पुसायचं का? तीनातले दोन नियम राहतायत की.

राग आला तर पत्रातून काढ, मनात ठेवू नकोस.

तुझी,
चांगू


अंबड
२१ नोव्हेंबर

चि. चांगुणा हिस, आशीर्वाद.

पान एकेचाळीसवर असं वाक्य नाही. असूच शकत नाही. ते छापखान्यातल्या कुणाचं तरी काम असणार. त्या खिळे जुळवणाऱ्याला आपल्या पदरचं घालायची खोड होती, 'विहीर' आलं की हा 'खोल' जोडायचा. माझा मूळ कच्चा खर्डा माळ्यावरच्या पेटीत आहे. रविवारी काढतो आणि त्या पटकथाकाराच्या पुढ्यात आपटायला पाठवतो.

तीनातले दोन नियम राहतात म्हणतेस. तीन पायांच्या तिवईचे दोन पाय राहिले तर तिच्यावर तू बसून दाखव.

दादा


अंबड
२६ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. चांगुणा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाक्य माझंच आहे. माझ्या अक्षरात, माझ्या जांभळ्या शाईत. बरं, खाडाखोडही नाही. एका दमात लिहिलेलं आहे. खिळे जुळवणाऱ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

रविवारभर पेटीपाशी बसून होतो. विठा दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली की तुमची भागी वाढणार असेल तर सांगा, मी झाकून ठेवते.

बारा वर्षांपूर्वी मी ते का लिहिलं, ते तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तेव्हा मी लेथवर तसा नवाच, चारेक वर्षांचा होतो. एकदा एक शाफ्ट असा उतरवला की तपासणीत केसाइतकाही फरक निघाला नाही. जुने फोरमन आले, हात लावून पाहिला, आणि कौतुकानं विचारलं की तुझा बाप लोहार होता का? मी नाही म्हटलं. मग आजा? मी म्हटलं, साहेब, आमच्यात सगळे दगड फोडणारे. ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, मग हा हात आला कुठून? चार वर्षं भंगार काढून शिकलो, हे उत्तर माझ्या तोंडात होतं. पण चांगू, मी ते दिलं नाही. मला बरं वाटलं होतं. वाटलं, खरंच, आपल्यात काहीतरी वेगळं असेल, कुठून तरी आलेलं. त्याच आठवड्यात मी पान एकेचाळीस लिहिलं. सातवीपर्यंत शिकलेल्या मला, पाणक्याच्या पोरीला नुसत्या मेहनतीनं जमेल हे पटत नव्हतं. पाण्यानं मान हलवून तिला आधी पसंत करावं, असं मलाच हवं होतं. नियम मी नंतर केले, आणि ते मोडणारं हे वाक्य मागे तसंच राहिलं. टीव्हीवाल्यांनी माझी चूक पकडली. शाबास त्यांची. पण चूक सापडली की ती दुरुस्त करतात. तिच्यावर माडी बांधत नाहीत.

तेव्हा मी शुद्धिपत्र छापून घेतलंय. पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या एकशे बारा प्रती खाटेखाली होत्या, प्रत्येकीत विठा आणि मी खळ लावून चिकटवलं. सोबत तुला वीस चिठ्ठ्या पाठवतो. मजकूर असा :

'शुद्धिपत्र. पान ४१, ओळ ९. पाण्यानं मान वर केली हे वाक्य चुकीचे आहे. पाणी हलले नाही. भागीला त्या दिवशी काहीही येत नव्हते. चूक लेखकाची आहे, छापखान्याची नाही.'

एक त्यांच्या प्रतीत चिकटव. नीट, कडेला कड जुळवून. आणि सांग की आता पान एकेचाळीसचा आधार संपला.

माया असू दे, उणीदुणी काढून उरेल तेवढी तरी.

तुझा,
दादा


चेंबूर
३० नोव्हेंबर १९८६

ती. दादास, सविनय जयभीम. वि. वि.

काल गेले होते. चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. कड जुळवली, हो. निर्मातेसाहेबांनी ती दोनदा वाचली आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, बाई, जादूच्या गोष्टीला शुद्धिपत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाणी हललं की नाही हे आता कोण तपासणार? मी म्हटलं, माझा दादा.

मग पटकथाकारानं तोडगा काढला. म्हणे, दोन्ही ठेवू. भागी मोजणीही करेल आणि खूणही असेल. लेखक खूष, प्रेक्षक खूष. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तोंडात 'बरं' आलंही होतं. पण तुझ्या प्रती लिहून लिहून मलाही तुझी खोड लागली असावी. मी विचारलं की समजा खूण आहे पण माप चुकलं, तर दार उघडेल का? ते म्हणाले, उघडेल, राजकन्याच ना ती. मग विचारलं, आणि माप बरोबर आहे पण खूण नाही, तर?

दादा, खोलीत सहा माणसं होती. एकानं पंख्याकडे पाहिलं. निर्मातेसाहेबांनी चहा मागवला, जो आधीच आलेला होता.

येताना बसमध्ये मला त्या दोन खुर्च्या आठवत होत्या. बायांनी त्या जवळ ओढल्या त्या माझ्यासाठी नव्हत्या, पडद्यावरच्या अक्षरांसाठी होत्या. म्हणजे खूणच की ती. वीस वर्षांत माझ्या वर्गातली किती मुलं पुढे गेली, ते काही कुणी मोजलं नव्हतं.

त्यांनी शेवटचं सांगितलंय. येत्या शनिवारपर्यंत संमतीचा कागद सही होऊन आला नाही तर अकराव्या भागाचं चित्रण होणार नाही, मालिका दहाव्यावर थांबेल. पुढे दुसऱ्या कुणाची गोष्ट घेतील. पुन्हा तुला विचारणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. मागच्या पत्रात मी सही कर म्हटलं होतं, ते शब्द परत घेते. पण नाव तुझं जाणार आहे, म्हणून ठरव तूच. त्यांनी कागद पुन्हा दिलाय, तो सोबत पाठवतेय.

घरचे सगळे ठीक. हे म्हणतात, दादांनी सही केली तरी आपण बुधवारी टीव्ही बघू आणि नाही केली तरी बघू, कारण टीव्हीचे हप्ते चालू आहेत.

तुझीच,
चांगू


अंबड
३ डिसेंबर

चि. चांगुणा हिस, आशीर्वाद.

कागद रजिस्टरनं थेट त्यांच्याकडे पाठवला. सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली, पट्टी धरून. शेरा लिहिला : 'संमती नाही. कारण : माप बरोबर आहे पण खूण नाही, तर? याचे उत्तर मिळाल्यास पुन्हा विचार करीन.' प्रश्न तुझा आहे. खाली तुझं नाव घातलंय, पदवीसकट.

विठाला वाचून दाखवलं. तिनं पाकिटाला खळ लावली. मग म्हणाली की टाळ्या बऱ्या वाटत होत्या हो. मी म्हटलं, मलाही. तेवढंच बोलणं झालं.

दादा


अंबड, नाशिक
११ डिसेंबर १९८६

चि. सौ. चांगुणा हिस,
दादाचे आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

काल दहावा भाग झाला. तूही पाहिला असशीलच. इथे झुंबरकडे पन्नासच्या वर माणसं, खिडकीत पोरं लटकलेली. भागी पाचव्या दारासमोर तिसऱ्यांदा चुकली, दार बंदच राहिलं, आणि तिथेच भाग संपला. मग ती निवेदिका आली, गोड हसली, आणि म्हणाली की काही अपरिहार्य कारणामुळे ही मालिका यापुढे दाखवता येणार नाही, क्षमस्व.

जो गलका झाला! झुंबरनं टीव्हीवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. लग्नात जेवायला बसवून पंगत उठवली म्हणाला. कुणी म्हणालं, वरून दाबलं असेल, आपल्या माणसाचं चालू दिलं नाही. सगळे माझ्याकडे कळवळून बघायला लागले. गप्प बसलो असतो तर रात्रीपर्यंत मी हुतात्मा झालो असतो.

पण चांगू, बारा वर्षांपूर्वी फोरमनपुढे एकदा गप्प बसलो होतो, ते पुरे. पहिल्यांदाच त्या खुर्चीवर उभा राहिलो आणि सांगितलं की कुणी दाबलेलं नाही. ते अपरिहार्य कारण मी आहे. मीच सही केली नाही. का, तेही सांगितलं, खुणेसकट, चंद्रकोरीसकट.

लगेच टाळ्या पडतील असं वाटलं असेल तुला, तर तसं काही झालं नाही. झुंबर भडकला. म्हणाला, येडा झाला का तू, राजाची पोर तर राजाची पोर, तुझ्या बापाचं काय जात होतं? मी म्हटलं, झुंबर, माझ्या बापाचंच जात होतं. त्यावर त्यानं टीव्ही बंद केला. बरेच जण चरफडत उठले. खिडकीतली पोरं तर मला ऐकू जाईल अशी शिवी देऊन गेली. चांगली ठसठशीत होती.

झुंबरची सून लताबाई तेवढी थांबली. ती अंबडलाच एका कारखान्यात झाडूकाम करते. सगळे भाग तिनं उभ्यानं, भाकरी थापता थापता पाहिले. तिनं विचारलं की मग भाऊ, भागी राणी नाहीच? मी म्हटलं, नाही. आणि तरीबी दार उघडतं? मी म्हटलं, उघडतं. ती म्हणाली, खरं सांगा, का आम्हाला बरं वाटावं म्हणून? मी म्हटलं, पुस्तकात आहे, आणि पुस्तकात चूक असेल तर मी कळवतो. तिनं पुस्तक मागितलं. तिला अक्षरं लावून लावून वाचावं लागतं, आठवड्याला चार पानं होतील म्हणाली. मी घरी येऊन प्रत काढली, तिला दिली. नाव घालून देऊ का विचारलं, तर म्हणाली, नको, नाव कशाला.

आज कारखान्यात जो भेटेल तो विचारतोय की अपरिहार्य कारणाची तब्येत कशी आहे. फार चांगली आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

शिक्षकखोलीतल्या खुर्च्या मागे सरकल्या असतील तर डबा मधोमध ठेवून जेव. पुंजारामरावांना जयभीम. प्रेम वाढवायचं की आहे तेवढंच ठेवायचं ते तू ठरव. संमती माझी आधीच आहे.

तुझा दादा,
अपरिहार्य कारण