घोरणं थांबायचं तेव्हा

आप्पा, मला आता झोप लागते. खरी झोप! हे तुम्हालाच सांगायचं होतं म्हणून वही काढली. शाळा इंग्रजी, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, समजून घ्या.

ऑफिसात कॉम्प्युटरसमोर डुलक्या यायच्या. सोलापूरला झोपेची टेस्ट केली, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, झोपेत तुझा श्वास थांबतो, मग दचकून सुरू होतो. आता नाकावर मास्क, त्याला नळी, उशाशी हवा सोडणारी मशीन. सुरुवातीला लई वैताग. नाकावर वळ उठायचे, झोपेतच मास्क काढून फेकायचे. आई म्हणाली, "उद्या पाहुणे बघायला आले तर ह्या सोंडेचं काय सांगू?" म्हणलं, "सांग, घरी गणपती बसवलाय." हसली, अन् मग डोळे पुसत बसली. तिसऱ्या आठवड्यात एकदा अलार्मच्या आधीच जाग आली, डोकं एकदम हलकं. इतकी खूश झाले! अन् तेवढ्यात तुम्ही आठवलात.

भूमचं आपलं दुकान. बाजारचा दिवस हाय, तुम्ही शिलाई मशीनवर मान टाकून घोरताय. गिऱ्हाईक हसतंय, "टेलर, काजं करता करता झोपलाव व्हय?" तुम्ही दचकून पायडल मारता, "जागाच हाय की." अशाच डुलकीत एकदा सुई बोटातून आरपार गेली होती. घरी तुम्ही घोरायला लागलात की आई म्हणायची, "गाढ लागलीय, उठवू नको." मधेच घोरणं थांबायचं. आम्ही दोघी म्हणायचो, चला, आता शांत झोपले. आम्हाला बरं वाटायचं, आप्पा. तुमचा श्वास थांबत असेल, हे डोक्यातच आलं न्हाय. एका सकाळी तुम्ही उठलाच न्हाईत, तर लोक म्हणाले, झोपेत गेले, पुण्यवान माणूस.

डॉक्टरबाईंना विचारलं, वडलांना हेच होतं का? "तपासलंच नव्हतं, तर आता कसं सांगू?" म्हणाल्या. आई काही विचारत न्हाय, मीही तिला काही सांगत न्हाय. हे पानही दाखवणार न्हाय.

एकच राहिलं. शाळेतली मैत्रीण फ्रॉकचं माप द्यायला आली होती, तुम्ही गळ्यात टेप अडकवून पेंगत होता. मी तिला इंग्रजीत काहीतरी म्हणलं. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काय म्हणलीस गं?" मी म्हणलं, "आप्पा थकलेत, असं म्हणलं." तुम्ही इतके खूश झालात की तिच्या फ्रॉकला जास्तीची लेस लावून दिलीत.

मी तुम्हाला आळशी म्हणाले होते, आप्पा.